सोलापूर–कोल्हापूर विमान नको, मुंबईचं मुक्कामी विमान द्या

प्रति,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय, राज्य सरकारचा विमान चालन विभाग, आणि सोलापूरच्या विमानांचं वेळापत्रक ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतं ते सगळे अधिकारी व लोकप्रतिनिधी

विषय : सोलापूर–कोल्हापूर विमानाची मागणी मान्य न करण्याबाबत, आणि मुंबईच्या विमानाच्या वेळेबाबत

महोदय,

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्याकडे एक विषय सारखा निघतो : सोलापूर–कोल्हापूर विमान पाहिजे. वकील मंडळी बोलतात, पक्षकार बोलतात, अंबाबाईला जाणारे बोलतात. मी नवी पेठेत रेल्वे, बस आणि विमानाची तिकिटं काढून देण्याचा धंदा करतो. मार्ग वाढला तर माझंही कमिशन वाढेल. तरीही हे विमान देऊ नका, असं सांगायला हे पत्र लिहितो आहे. कारण ते दिलंत तर दोन-चार महिने फोटो छापून येतील, पुढे सीट रिकाम्या जातील, मग मार्ग बंद होईल आणि ‘सोलापूरला प्रवासीच नाहीत’ असा शेरा आमच्या फाइलवर कायमचा बसेल. तो शेरा आम्हाला परवडणारा नाही.

आधी हिशोब मांडतो. होटगी रोडचा आमचा विमानतळ आणि कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर भरतं २०५ किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवर दोन्ही नावं टाकली की ‘पाऊण तास’ असं उत्तर येतं. लोक ते उत्तर घेऊनच माझ्याकडे येतात. हा पाऊण तास कुणी उडून मोजलेला नाही. सरळ अंतर घ्यायचं, मोठ्या जेट विमानाच्या ताशी आठशे किलोमीटर वेगानं भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवायचा. पंधरा आणि तीस, झाले पंचेचाळीस. त्या मार्गावर विमान आहे का, असलं तर कुठलं, याच्याशी त्या गणिताला काही देणंघेणं नसतं. तुम्ही म्हणाल हे तर सगळ्यांना कळतं. नाही कळत, साहेब. आकडा दिसला की माणूस तो खरा धरून चालतो, आणि निवेदनातसुद्धा तोच आकडा जातो.

खरं विमान कसं चालतं ते गोव्याच्या मार्गावर बघा. ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सोलापुरात उतरलं. ते एटीआर, पंख्यांचं विमान, वेग ताशी पाचशेच्या घरात. मोपाचा विमानतळ आमच्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या थोडा पुढे. वेळापत्रकात या अंतराला तास-सव्वा तास दिलेला असतो, आणि तो योग्यच आहे. लहान विमानतळावर धावपट्टीच्याच टोकाला जाऊन वळायचं, परवानगीसाठी थांबायचं, मग चढायला पंधरा-वीस मिनिटं आणि उतरायला जवळपास तेवढीच. दोनशे किलोमीटरच्या मार्गात सरळ, पुऱ्या वेगानं उडायला उरतं काय? विमान वर जाऊन नीट बसतंय न बसतंय तोच खाली यायला लागायचं. म्हणजे कोल्हापूरसाठी वेळापत्रकातला प्रामाणिक आकडा तासाच्या जवळपासच येणार.

आता या तासाच्या दोन्ही टोकांना काय चिकटलेलं असतं ते धरा. अशोक चौकात राहणाऱ्या पक्षकाराला कोल्हापुरात साडेदहाला कोर्टात उभं राहायचंय. वकिलाशी दोन शब्द बोलायचे तर दहाला तिथं पोहोचलेलं बरं. उजळाईवाडीहून कावळा नाका, दसरा चौक करत सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यात यायला अर्धा तास. त्याआधी विमानातून उतरणं, बॅग, बाहेर रिक्षा शोधणं. म्हणजे विमान नऊला टेकलं पाहिजे. नऊला टेकायचं तर आठला सोलापूर सोडलं पाहिजे. आठच्या विमानाचा काउंटर सातला बंद, म्हणून पावणेसातला होटगी रोडवर हजर, आणि सव्वासहाला घरातून बाहेर. गाडीनं गेला असता तर पाच-सव्वापाचला निघाला असता. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत रत्नागिरी–नागपूर महामार्गानं साधारण सव्वादोनशे किलोमीटर, चहाला थांबून साडेचार तास. वाचला तो एक तास.

तोही केव्हा, तर विमान रोज असेल, सकाळी आठचंच असेल, वेळेवर सुटेल आणि संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर परतीचंही असेल तेव्हा. आठवड्यातून तीन दिवस दुपारी एकला सुटणारं विमान असेल (आणि लहान शहरांच्या वाट्याला बहुतेक असंच येतं) तर त्या माणसाला आदल्या दिवशी निघून लॉजवर राहावं लागेल. पाऊण तासाच्या प्रवासाला दोन दिवस!

आणखी एक गोष्ट दिल्लीतल्या टेबलावर बसून दिसत नाही. कोर्टाच्या तारखेला माणूस एकटा जात नसतो. सोबत भाऊ असतो, कधी मेहुणा, गावातला एखादा ‘कायद्यातलं कळणारा’ असतो, परतीला ज्युनिअर वकीलही त्याच गाडीत बसतो. चार माणसांत एक गाडी, डिझेल वाटून. ‘उडान’मध्ये तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची भाड्याची मर्यादा योजना सुरू झाली तेव्हा ठरली होती, तीही ठरावीक सीटांपुरती. त्या सीटा मिळाल्या असं धरलं तरी चौघांचे जाऊन-येऊन वीस हजार होतात. शेताच्या बांधाच्या खटल्यात कोण घालणार आहे ते?

मंद्रूपकडचे एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले होते. कापड दुकानाच्या पिशवीत सातबाराचे उतारे आणि निकालाच्या प्रती, वर रबर लावलेलं, पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “मालक, पाऊण तास दाखवूलालंय की ओ हे. उद्याचं काढा.” मी मशीनवर सोलापूर आणि कोल्हापूर टाकून त्यांच्याकडे वळवलं. मुंबईमार्गे, तिथं थांबा, पुढं दुसरं विमान. नकाशावर मोजलंत तर सोलापूर–मुंबई ३६० किलोमीटरच्या वर आणि मुंबई–कोल्हापूर ३०० च्या वर. दोनशे किलोमीटरवरच्या गावाला पोहोचायला पावणेसातशेच्या आसपास. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मुंबईवरनंच जायचं तर खटला मुंबईलाच बरा होता की ओ.”

मला त्या वाक्यात खरी अडचण सापडली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर आमचा सोलापूर जिल्हाही तिकडे जोडला गेला. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेली गोष्ट आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापूर-सांगलीकरांचा त्रास नक्की कमी झाला. पण आमचं गणित वेगळं होतं. सोलापूरहून मुंबई रेल्वेनं ४५५ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याच्या दुप्पट. तरी ते आम्हाला जवळ वाटायचं, कारण मधे सिद्धेश्वर एक्स्प्रेस होती. रात्री जेवून साडेदहाच्या सुमाराला स्टेशनवर जायचं, बर्थवर पाय पसरायचे, सकाळी मुंबईत तोंड धुवायचं. अख्खा दिवस कामाला मोकळा. संध्याकाळी तारीख आटोपली की रात्री पुन्हा तीच गाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला माणूस हजर. या प्रवासाला दिवसाचा एकही तास लागत नाही. मुंबईच्या विमानाला जर कुणाशी स्पर्धा करायची असेल तर ती या गाडीशी आहे, हे तुमच्या टेबलावर कुणीतरी सांगायला हवं.

दिवसाच्या गाडीचं उदाहरण त्याच्या उलट. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. गाडी छान, स्वच्छ, पुण्याला जाणाऱ्यांची चांगली सोय. पण सकाळी सहाला सोलापूर सोडून दुपारी साडेबाराला मुंबईत, आणि परतीची चारला तिथून निघते. त्याच दिवशी परतायचं म्हटलं तर हातात साडेतीन तास. त्यात फोर्टमधलं ऑफिस जेवणाच्या सुट्टीतून परत यायलाच दोन वाजतात. म्हणून व्यापारी माणूस अजून सिद्धेश्वरचंच तिकीट मागतो. वेग जास्त असलेली गाडी सोडून कमी वेगाची मागतो, आणि तो वेडा नाही.

मुंबईचं विमानही याच फुटपट्टीनं मोजायला हवं. ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरची मुंबई आणि बंगळूरची सेवा मिळाली, राज्य सरकारनं मुंबईच्या मार्गाची तूट भरून द्यायची तयारी दाखवली, त्याबद्दल आभार मानायलाच हवेत. बंगळूरचं विमान मला शंभर टक्के पटतं. सरळ रेषेत सव्वापाचशे किलोमीटर, रेल्वेनं रात्र आणि वर आणखी काही तास जातात, आणि आमच्या प्रत्येक गल्लीतलं एक तरी पोरगं तिकडे आयटीत आहे. तिथं विमान दुपारी असो की सकाळी, वेळ वाचतोच. दिवाळीला आई-बाप विचारायला येतात तेव्हा मी बिनधास्त सांगतो, काढा. मुंबईचं तसं नाही. विमान हवेत तास-सव्वा तास असतं हे मान्य. पण ते दिवसाच्या मधोमध येणार-जाणार असेल तर सकाळ आवराआवरीत जाते आणि संध्याकाळ अंधेरीहून फोर्टला पोहोचण्यात. काम दुसऱ्या दिवशी. मग हॉटेल आलं. टॉवेल-चादरीचा व्यापारी असो की गणवेश शिवणारा कारखानदार, तो हा हिशोब तोंडी करतो आणि ‘राहू द्या, सिद्धेश्वर बघा’ म्हणतो.

आम्हाला हवं आहे ते मुक्कामी विमान. मुक्कामी एस.टी. तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांना माहीत असेल. रात्री गावात येऊन पारापाशी उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपायचे, आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरं, तालुक्याला तारखेला जाणारे यांना घेऊन निघायची. गाडी एकच, फेऱ्या दोनच, पण गावाचा अख्खा दिवस तिच्यावर चालायचा. तीच गाडी दुपारी बाराला येऊन साडेबाराला गेली असती तर गावाला तिचा उपयोग काय होता? सोलापूरचं मुंबई विमान रात्री सोलापुरात मुक्कामाला पाहिजे. सकाळी सातच्या आत सुटलं पाहिजे आणि रात्री आठ-साडेआठला परत टेकलं पाहिजे. असं झालं तर दहाला मुंबईत कामावर, रात्री नऊला घरी जेवायला. सिद्धेश्वरला मागं टाकण्याची ताकद फक्त या वेळेत आहे.

यात अडचणी आहेत, त्या आम्हालाही कळतात. सोलापुरात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा रात्री आठला उतरायचं तर धावपट्टीला दिवे हवेत, त्याची परवानगी हवी, नियंत्रण कक्षात त्या वेळेला माणूस हवा, सुरक्षेची दुसरी पाळी हवी, विमान उभं करायला जागा हवी, वैमानिक आणि क्रूची रात्रीची सोय हवी. नाइट लँडिंगची मागणी आम्ही करतो ती हौसेखातर नाही. त्याशिवाय मुक्कामी विमान होत नाही, आणि मुक्कामी विमानाशिवाय मुंबईच्या मार्गाला अर्थ येत नाही. कोल्हापूरच्या नव्या मार्गासाठी जी तूट भरून काढावी लागेल, तो पैसा या दिव्यांवर आणि पाळ्यांवर घाला.

दुसरी अडचण मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि सकाळी आठ-नऊच्या वेळा मोठ्या कंपन्यांनी कधीच धरून ठेवलेल्या आहेत. आमच्या लहान विमानाला तिथं सकाळची जागा कोण देणार? पण आता नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू. तिथल्या सकाळच्या वेळा वाटल्या जात असतानाच सोलापूरसाठी एक राखून ठेवा, हे तुमच्या हातात आहे. उलव्याला उतरणं सोलापूरकराला अडचणीचं वाटणार नाही. आमचा कांदा आणि डाळिंब जातं ते वाशीच्या मार्केटला, ते तिथून हाकेच्या अंतरावर. आणि दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला अटल सेतू आहे. उलट अंधेरीहून फोर्टला लोंबकळत जाण्यापेक्षा ते बरं पडेल.

वेळेचा हा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. हा विमानतळ आम्हाला फुकट मिळालेला नाही. मध्यंतरी काही काळ किंगफिशरचं लहान विमान येऊन गेलं, बंद पडलं, आणि मग वर्षानुवर्षं एकच शब्द ऐकत राहिलो : चिमणी. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला ती पाडली. त्या दिवशी शहरात पेढे वाटणारेही होते आणि डोळे पुसणारे ऊस उत्पादकही होते. कोण बरोबर, कोण चूक, यात मी इथं शिरत नाही. त्यावरून अजूनही आमच्याकडे चहाच्या गाड्यावर आवाज चढतो. पण ती पाडल्यानंतर २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीवरून नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि पहिलं प्रवासी विमान यायला पुढचा जून उजाडला. ज्या सभासद शेतकऱ्याच्या कारखान्याची चिमणी गेली, त्यानं उद्या विचारलं की त्या बदल्यात गावाला किती तास मिळाले, तर आपल्याकडे सांगण्यासारखं उत्तर असावं. ‘दुपारी एक विमान येतं आणि जातं’ हे उत्तर मला त्याच्या तोंडावर देता येणार नाही.

बोरामणीला व्हायच्या नव्या विमानतळाचंही तेच. जमीन घेऊन ठेवली, माळढोकाच्या वनजमिनीवर घोडं अडलं, ते अजून तिथंच आहे. त्यावर या पत्रात जागा घालवत नाही.

अंतराचा विषय निघालाच आहे तर एक बाजूची गोष्ट. नव्या विमानतळांचं २००८ चं धोरण सांगतं की चालू विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा नवा विमानतळ सहसा नको, हवा असेल तर स्वतंत्र विचार करावा लागतो. नकाशावर कंपास फिरवला तर आमच्या वर्तुळात लातूरही येतं आणि कलबुर्गीही येतं. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब. आमची दोनच्या आसपास. तो शहराच्या पूर्वेला असल्यामुळे गंमत अशी की होटगी रोडपासून त्याचं सरळ रेषेतलं अंतर साधारण ११४ किलोमीटर, आणि स्टेशन ते स्टेशन रेल्वेचं अंतर ११३. रूळ आणि आकाश सारखंच! आमच्याकडे विमान नव्हतं तेव्हा कितीतरी सोलापूरकर सकाळच्या गाडीनं कलबुर्गीला जाऊन तिथून उडायचे. हे दोन विमानतळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. एकाकडे सकाळचं बंगळूर असेल तर दुसऱ्याकडे संध्याकाळचं असू द्या, दोन्हीकडे दुपारचंच नको. दोन राज्यं आहेत म्हणून वेळापत्रकं एकमेकांशी बोलत नाहीत, असं कशाला?

आता कोल्हापूरचं काय? तिथं जाणारा माणूस तर आहेच, रोज आहे, आणि त्याचा त्रास खरा आहे. त्याला विमान नको म्हणताना दुसरं काय द्यायचं ते सांगितलं पाहिजे. त्याला रात्रीची गाडी हवी आहे. सोलापूरहून कोल्हापूरला रेल्वे जाते ती आधी वर कुर्डुवाडीला, तिथून खाली पंढरपूर, मग मिरज. तीनशे किलोमीटरच्या वर वळसा. दिवसा हा वळसा जीव खातो. रात्री तोच वळसा वरदान आहे, कारण झोप पुरी होते. रात्री दहा-अकराला सोलापूर सोडून सकाळी सातला कोल्हापुरात उतरवणारी, आणि तिथून रात्री तशीच परत आणणारी रोजची स्लीपर गाडी दिली तर कोर्टवाले, अंबाबाईचे भक्त, पंढरपूरहून चढणारे वारकरी, सगळ्यांची सोय होईल. ही तुमच्या खात्याची गोष्ट नाही, रेल्वेची आहे, हे मला माहीत आहे. पण विमानाची मागणी तुमच्याकडे येईल तेव्हा फाइलवर ‘विचाराधीन’ असं लिहून ती वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवण्यापेक्षा, ‘या अंतराला विमान योग्य नाही, रेल्वेनं रात्रीची गाडी द्यावी’ असं एका ओळीत लिहून रेल्वे बोर्डाकडे पाठवता येतं. आणि अंकली–चोकाक पट्ट्यातलं महामार्गाचं रखडलेलं चौपदरीकरण, तिथल्या शेतकऱ्यांना योग्य मोबदला देऊन, पुरं झालं तर गाडीच्या प्रवासातला अर्धा तास तिथंच वाचेल. विमानानं वाचणाऱ्या एका तासाचा अर्धा हिस्सा जमिनीवरच मिळतो आहे.

हाच नियम सोलापूर–पुणे विमानालाही लावा. सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आत. हुतात्मा एक्स्प्रेस चार तासांत शिवाजीनगरच्या अलीकडे, भर शहरात नेऊन सोडते. लोहगावला उतरून शहरात यायला लागणारा वेळ पुणेकरांनाच विचारा.

जमिनीवरचं आणखी एक काम मात्र तुमच्याशी जोडलेलं आहे. बाहेरून विमानानं सोलापुरात येणारा निम्म्या वेळा सोलापूरसाठी आलेलाच नसतो. त्याला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट गाठायचं असतं. गोव्याहून येणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न विमानाचा नसतोच. ‘तिथून पुढे कसं जायचं?’ हा असतो. मी त्यांना खासगी गाडी सांगतो, आणि ती अक्कलकोटला जाऊन-येऊन कधीकधी विमानाच्या तिकिटाइतके पैसे घेते. विमान उतरल्यानंतर अर्ध्या तासानं विमानतळाच्या दारातून या तिन्ही ठिकाणी एस.टी. सुटेल असं एस.टी. महामंडळाबरोबर ठरवा. बस मोठी नको, बावीस-पंचवीस सीटांची मिनी बस पुरे. विमानाला उशीर झाला तर बस थांबली पाहिजे, एवढी एक अट. तिचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढता आलं तर माझ्यासारख्याचंही काम सोपं होईल.

शेवटी तारखांची आठवण. विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि विमानतळांवरच्या वेळा त्याच्या कितीतरी महिने आधी मागून ठेवाव्या लागतात. तेव्हा नवी मुंबईतल्या सकाळच्या जागेची मागणी आत्ताच नोंदवा, होटगी रोडच्या दिव्यांचं आणि पाळ्यांचं काम त्याच्याआधी पुरं होईल अशी तारीख जाहीर करा, आणि कोल्हापूरच्या मागणीला हो किंवा नाही असं सरळ उत्तर द्या. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. काउंटरवर बसून ते गिऱ्हाइकांना मी समजावून सांगेन, फक्त सोबत रात्रीच्या गाडीचा नंबर सांगता आला पाहिजे.

आपला,
नवी पेठेतला एक तिकीट बुकिंगवाला
सोलापूर